शीतलला दिसलं नाही ते

मेधा नरगुंदकर शिडाची होडी चालवते, हे धारवाडच्या सप्तापुरात सांगूनही कुणाला खरं वाटत नसे. धारवाडकराला पाणी म्हणजे केलगेरीचं तळं, आणि तेही काठावर बसून बघायचं. शेजारच्या खोल्यांतून भाड्याने राहणारी विद्यापीठाची पोरं तिला शनिवारी पाठीला पिशवी लावून निघताना बघत आणि ही कुठल्या तरी क्लासला जाते असं धरून चालत. ती जायची कारवारला. हुबळीला बस बदलायची, कलघटगी, यल्लापूर करत घाट उतरायचा, आणि अंग आंबून गेलेलं असतानाच खाडीवर जाऊन शीड चढवायचं. रविवारी शर्यत, आणि तीच वाट उलटी.

हे वेड तिला वडिलांच्या बदलीने लागलं होतं. मुकुंदराव बांधकाम खात्यात होते. मेधा चौथीत असताना त्यांची कारवारला बदली झाली आणि चांगली सात वर्षं तिथंच राहिली. घरासमोर किनारा, किनाऱ्यावर एक साधासा नौकाक्लब. पोरगी उन्हातान्हात वाळूत खेळते त्यापेक्षा काहीतरी शिकेल, म्हणून त्यांनी तिला तिथं नेऊन सोडलं. ते स्वतः कधी होडीत बसले नाहीत. छत्री उघडून किनाऱ्यावर उभे राहायचे आणि ती परत आली की विचारायचे, "आज कुठवर?" अंबूताईंना, मेधाच्या आईला, हे सगळं मुळीच पसंत नव्हतं, पण पोरगी समुद्रावरून आली की पोटभर जेवते, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी ते चालू दिलं.

शीतल महेंद्रकर तिला त्याच क्लबात भेटली. शीतल हुबळीची. तिचा मामा कारवारात शिवणकाम करायचा आणि तिच्या घरी खाणारी तोंडं जास्त, म्हणून ती मामाकडे राहून शिकत होती. क्लबची फाटलेली शिडं मामाकडे दुरुस्तीला यायची. ती पोचवायला म्हणून शीतल आली आणि राहिली. दोघींचं वजन, उंची, अंगाची चपळाई अशी काही जुळली की शिकवणाऱ्याने त्यांना एका होडीत बसवलं आणि मग कधी वेगळं केलं नाही.

दोन माणसांच्या होडीचं एक आहे. मागे बसलेलीच्या हातात सुकाणू असतं, कुठं वळायचं ते तिने ठरवायचं. पुढची पुढचं शीड सांभाळते आणि होडी कलली की बाहेर पाण्यावर अंग झोकून तिला तोलून धरते. मागे मेधा असे आणि पुढे शीतल. मेधाने सुकाणू फिरवलं की शीतलने तोंडातून शब्द न काढता अंग फिरवायचं. इतक्या वर्षांत शीतलने कधी "का?" म्हणून विचारलं नव्हतं, आणि मेधाला ते विचारायला हवं असं कधी वाटलंही नव्हतं.

मुकुंदरावांची बदली परत धारवाडला झाली. पुढं शीतलचे वडील हुबळीजवळच्या तारिहाळला एका कारखान्यात प्रेसच्या यंत्रात हात सापडून घरी बसले, तेव्हा तीही हुबळीला परत आली. दिवसा एका कापडदुकानात उभी राहायची आणि शनिवारी मेधाबरोबर बस धरायची. दुकानदार कुरकुरायचा. शीतल त्याला सांगायची की हे थोडेच दिवस आहे, मग मला सरकारी नोकरी लागणार आहे. आणि ते उगाच नव्हतं. खेळाडूंसाठी राखलेल्या काही जागा निघणार होत्या. राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली असली की अर्ज करता येत होता, आणि शीतलच्या वयाला ती शेवटची संधी होती. मेधाचं एम.एस्सी. झालं होतं, कॉलेजात तात्पुरती का होईना शिकवायची जागा मिळाली होती. तिला संघात यायचं होतं ते यायचं म्हणून. शीतलला यावंच लागणार होतं.

त्या वर्षी निवडीच्या शर्यती कारवारलाच ठेवल्या होत्या. फेब्रुवारी संपत आलेला, दुपार झाली की समुद्रावरून पश्चिमेचा वारा जोरात येई. राज्याच्या संघात दोनच होड्या घ्यायच्या होत्या. सगळ्या शर्यतींतली सगळ्यात वाईट गेलेली एक शर्यत प्रत्येकाने सोडून द्यायची आणि उरलेल्यांचे गुण धरायचे, असा नियम होता. पहिल्या नंबरची होडी बाकीच्यांपासून इतकी पुढं गेली होती की तिचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या जागेसाठी चुरस होती ती मेधा-शीतलची आणि मंगळूरकडच्या दोन भावांची. थोरला विनायक, धाकटा अमित. दोघं काटक, हसतमुख पोरं. आदल्या दिवशी मेधाच्या होडीचं सुकाणू मोडलं होतं तेव्हा अमितने आपल्याकडचा खिळा काढून दिला होता. पण सुकाणू मोडलं ती शर्यत वाया गेलीच, आणि मेधा-शीतलची सोडून द्यायची शर्यत तिथंच खर्ची पडली. आता शेवटची चुकवून चालणार नव्हतं.

शेवटच्या शर्यतीला ओहोटी लागलेली होती. काळी नदीचं पाणी खाडीच्या तोंडातून समुद्राकडे ओढ घेत होतं आणि वारा समुद्राकडून समोर येत होता. पाणी एकीकडे आणि वारा दुसरीकडे असला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, होडीला श्वास घेऊ देत नाहीत. मेधाला ती जागा पाठ होती. ती किनाऱ्याच्या कडेकडेने गेली, तिथं ओढ कमी, म्हणून लाटाही कमी होत्या. भाऊ मधूनच घुसले. नदीच्या मुखाशी टाकलेल्या शेवटच्या बोयाला, म्हणजे तरंगत्या खुणेच्या पिंपाला, वळसा घालून मग जेट्टीकडे यायचं होतं. बोया समोर दिसत होता. त्याच्या अलीकडे, डाव्या हाताला, भावांची होडी उलटली.

होड्या उलटतात. उलटलेल्या सरळ करायला प्रत्येकाला शिकवलेलं असतं. मेधाने सवयीने नजर टाकली आणि माणसं मोजली. उलट्या होडीच्या पाठीवर विनायक चढत होता. दुसरं डोकं दिसलं नाही. पाण्यावर पसरलेल्या शिडाखाली काहीतरी खालून वर ढकलत होतं, कापड फुगत होतं आणि बसत होतं. मग फुगायचं थांबलं.

"एकच वर आहे," मेधा म्हणाली.

शीतल बाहेर ओणवलेली होती, नजर बोयावर. बचावाची मोटरबोट लांब जेट्टीच्या बाजूला दुसऱ्या एका होडीपाशी होती, पण वळताना दिसत होती.

"बोट येतीय की. होगली बिडु," शीतल म्हणाली. घाईत, रागात दोघींच्या तोंडी कानडीच यायची. जाऊ दे, सोड.

मेधाने सुकाणू फिरवलं. शीतलचं अंग सवयीने आत आलं, शीड सुटलं, आणि बोया उजव्या हाताला मागे राहिला.

पुढचं सगळं मेधाला तुकड्या-तुकड्याने आठवतं. ती पाण्यात उतरली. शिडाच्या कडेखालून हात घातला तेव्हा अमितच्या कमरपट्ट्याच्या हुकात गुंतलेला दोर लागला. तो सुटेना. मग सुटला. अमितचं तोंड वर आलं तेव्हा ओठ निळसर होते आणि डोळे उघडे होते. त्याने तिचं मनगट धरलं आणि मोटरबोट येईपर्यंत सोडलं नाही. बोटीवर त्याला उलटी झाली. विनायक पलीकडच्या बाजूला होता, मधे आडव्या पडलेल्या होडीमुळे त्याला इकडचं काही दिसत नव्हतं. आणि शीतल आपली होडी भावांच्या होडीवर आदळू नये म्हणून पाठमोरी होऊन, जीव खाऊन शीड आवरत होती.

तेवढ्यात ओहोटीने त्यांना खाडीच्या तोंडाबाहेर नेलं होतं. ती ओढ कापत परत येईपर्यंत जेट्टीवरचे लोक पांगायला लागले होते. त्या जवळजवळ शेवटच्या आल्या. मुकुंदराव मुद्दाम धारवाडहून आले होते. ते या वेळी काही विचारायला पुढं आले नाहीत.

तरीही सगळं संपलेलं नव्हतं. संकटातल्या माणसाला मदत करताना कुणी मागे पडलं तर त्याला त्या शर्यतीचे सरासरी गुण भरून द्यायचे, असा नियम आहे. मेधाने अर्ज केला आणि त्याच संध्याकाळी क्लबच्या खोलीत तीन परीक्षकांपुढे सुनावणी झाली. सरासरी मिळाली की मेधा-शीतल दुसऱ्या. नाही मिळाली तर भाऊ दुसरे, कारण उलटलेली शर्यत त्यांना सोडून देता येत होती. खोलीतल्या प्रत्येकाला हा हिशेब ठाऊक होता.

मेधाने पाहिलं तसं सांगितलं. मोटरबोटवाल्याने सांगितलं की आपण पोचलो तेव्हा मुलगा वर होता, बोलत नव्हता, खोकत होता. त्याआधीचं आपण पाहिलं नाही. मग परीक्षकांनी अमितला विचारलं की तू अडकला होतास का? अमितने भावाकडे बघितलं. विनायक समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"नाही," अमित म्हणाला. "मी शिडाच्या आडोशाला होडी धरून होतो. मला काही झालं नव्हतं."

हे तो खालमानेने म्हणाला, पण स्पष्ट म्हणाला. मग शीतलला आत बोलावलं. परीक्षकांतला वयस्क माणूस कारवारचाच होता, त्याला या पोरी लहानपणापासून माहीत होत्या. त्याने तिला जवळजवळ सुचवल्यासारखंच विचारलं, तू पुढे बसली होतीस, तो शिडाखाली अडकलेला तू पाहिला असशील ना? एक 'हो' म्हणायचा अवकाश होता.

"मी बोयाकडे बघत होते," शीतल म्हणाली. "मला दिसलं नाही."

अर्ज फेटाळला गेला.

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या, कारण तिकिटं तशीच काढलेली होती. मुकुंदराव पुढच्या सीटवर होते. घाट चढून यल्लापूर आलं. मग मेधाच्याने राहवलं नाही.

"नुसतं हो म्हणायचं होतंस."

शीतल खिडकीबाहेर बघत राहिली. "आणि तुला नुसतं सरळ जायचं होतं," ती म्हणाली.

हुबळीला ती उतरली तेव्हा पिशवी तिने स्वतःच वरून काढली. त्यानंतर बरीच वर्षं दोघी बोलल्या नाहीत.

भावांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेला गेला. विनायकला नोकरी लागली, हे मेधाला क्लबात कुणाकडून तरी कळलं. शीतलचं वर्षाच्या आत लग्न झालं. कलघटगीचा मंजुनाथ, पाणी उपसायच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान. मामाने जमवलं. माणूस वाईट नव्हता, असं सगळे म्हणत. लग्नाची पत्रिका सप्तापुरात आली ती मुकुंदरावांच्या नावाने, आणि तेच एकटे जाऊन आले. शीतल छान दिसत होती म्हणाले. आणि थोड्या वेळाने म्हणाले, तिने तुझं काही विचारलं नाही.

मेधा पुढं दोन मोसम शर्यतीत उतरली. शीतलच्या जागी वेगवेगळ्या मुली बसवून पाहिल्या. पण तिचंच काही बिघडलं होतं. शर्यतीत एकदा बघून ठरवायचं असतं, ती आता दोनदा बघू लागली. वारा खरंच वळला का, ओढ खरंच इतकी आहे का, ती उलटलेली होडी खरंच सरळ होतेय का. तोवर बाकीच्या पुढं निघून जात. पुढे बसलेल्या पोरी वैतागत. एकीने सरळच सांगितलं की ताई, तुम्ही वळायला उशीर करता. मेधाने कारवारला जाणं बंद केलं. कॉलेजात ती पुढं कायम झाली, आणि शनिवारी सप्तापुरातल्या घरी असू लागली. अंबूताईंना त्याचं बरं वाटलं, मग हळूहळू बरं वाटेनासं झालं, कारण घरी असलेली मेधा जेवायची नाही नीट.

तिला खाणारा विचार अन्यायाचा नव्हता. अन्यायाचं दुःख काही दिवस पुरतं. तिला खात होतं ते वेगळंच. त्या दिवशी शिडाखाली जे घडलं ते तिने एकटीने पाहिलं होतं. ज्याच्या बाबतीत घडलं तो नाही म्हणाला. जी सोबत होती तिला दिसलं नाही. मग आपण काय पाहिलं? दोर खरंच गुंतला होता की आपल्याच हातात आला? ओठ निळे होते की सावली होती? मनगटावरची पकड मात्र तिला आठवे. पण पाण्यातला कुठलाही माणूस हाताला येईल ते धरतो, बुडत नसला तरी. रात्रंदिवस उगाळून ते चित्र इतकं झिजलं की तिचा तिलाच भरवसा राहिला नाही. आणि समजा, तो बुडत नव्हता, तर मग शीतलची नोकरी, शीतलचं आयुष्य, हे आपण एका फुगलेल्या कापडासाठी घालवलं.

"तू बरोबर केलंस," मुकुंदराव म्हणायचे. ती विषय काढायची नाही, तरी तिचा चेहरा बघून म्हणायचे. तिला राग यायचा. "अप्पा, तुम्ही किनाऱ्यावर होता," ती म्हणायची. "तुम्हाला काय माहीत?" ते पुढच्या खेपेला पुन्हा तेच म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हापासून तसं म्हणणारंही कुणी राहिलं नाही.

वडिलांचं वर्षश्राद्ध झाल्यावर तिने अमितचा नंबर मिळवला आणि फोन केला. आपल्याला कुणावर आरोप करायचा नाही, कुठं काही सांगायचं नाही, फक्त स्वतःपुरतं जाणून घ्यायचंय, असं तिने कानडीत अगोदरच सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ एका लहान मुलाचा आवाज येत राहिला. मग अमित म्हणाला, "अक्का, आमच्या घरात पहिली नोकरी ती. दादाला त्यावरच मिळाली." ते ठीक आहे, ती म्हणाली, पण तू अडकला होतास का? तो म्हणाला की तेव्हापासून मी सगळ्यांना नाही असंच सांगत आलोय, आता मला खरंच आठवत नाही. तो खोटं बोलतोय असं तिला वाटलं नाही. तेच जास्त वाईट होतं.

मग ती कलघटगीला गेली.

दुकान बाजाराच्या रस्त्यावर होतं. पुढे निळ्या पाइपांच्या गुंडाळ्या, आत मोटारी, आणि गल्ल्यामागे शीतल. अंगाने भरलेली, केस मागे घट्ट बांधलेले. तिने मेधाला लगेच ओळखलं आणि ओळखल्यावर चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. स्टूल पुढं केलं. समोरच्या टपरीवरून चहा मागवला. मुकुंदराव गेल्याचं कळलं होतं, यायला जमलं नाही, म्हणाली. मंजुनाथ माल आणायला हुबळीला गेला होता.

मेधाने फिरवून-फिरवून बोलायचं ठरवलं होतं, पण चहाचा पेला हातात आला आणि ती थेटच म्हणाली की मला एकच सांग. तो बुडत होता ना? तुला थोडं तरी दिसलं असेल.

"तू एवढ्या वर्षांनी आलीस ती हे विचारायला," शीतल म्हणाली. त्यात राग नव्हता.

मेधा म्हणाली की हो, मला दुसरं कुणी नाही विचारायला.

"मला दिसलं नाही. तिथं सांगितलं ते खरंच सांगितलं." शीतलने बाहेर बघितलं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. "पण तू म्हणालीस ना, एकच वर आहे. ते मी ऐकलं होतं. तू म्हणालीस म्हणजे तसंच असणार, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. तुझी नजर मला माहीत नाही होय? तो खाली आहे हे कळूनच मी म्हणाले, सोड."

मेधाने चहाचा पेला खाली ठेवला.

"बोट पोचली नसती वेळेवर. तेही मला कळत होतं," शीतल म्हणाली. "कुणाचा तरी पोरगा मरत होता आणि मला बोया दिसत होता. मग त्या म्हाताऱ्याने विचारलं, तेव्हा हो म्हणून काय ती नोकरी घेऊ? कुठल्या तोंडाने?"

मेधाने तिच्या हातावर हात ठेवला. तू पोरगी होतीस, तुझ्यावर घर होतं, कुणीही तसंच म्हणालं असतं, असं काहीबाही ती बोलली. शीतलने हात काढून घेतला नाही, पण तो तसाच निपचित राहू दिला.

"तू नाही तसं म्हणालीस की," ती म्हणाली.

तेवढ्यात एक शेतकरी मोटारीचा पट्टा मागत आला. शीतल उठली, दोन-तीन पट्टे काढून दाखवले, कोणता बसेल ते कानडीत समजावून सांगितलं, पैसे घेतले. आणखी एक गिऱ्हाईक आलं. मेधा स्टुलावर बसून राहिली. आपण उत्तर घ्यायला आलो आणि उत्तर मिळालंही, हे तिच्या हळूहळू ध्यानात येत होतं. तो बुडत होता. ते खरं होतं. आणि ते खरं असल्याचं तिला काडीचंही समाधान होत नव्हतं, कारण ते खरं ठरायला शीतल एवढी वर्षं स्वतःला गुन्हेगार समजत राहिली होती.

गिऱ्हाईक गेल्यावर शीतल परत आली, पण बसली नाही.

"परत येऊ नकोस, मेधा," ती म्हणाली. "तू दिसलीस की मला तेच दिसतं. दुकानात बसलं की एरवी नाही दिसत."

मेधा बरं म्हणाली. बसस्टँडवर तिला बराच वेळ थांबावं लागलं. हुबळीची बस आली ती भरलेली, तिला जागा मिळाली नाही. ती दांड्याला धरून उभी राहिली आणि शीतलला काय सांगायला हवं होतं याचा विचार करत राहिली. ते तिला अजून सुचलेलं नाही. कलघटगीला ती पुन्हा गेली नाही. घरी अंबूताई दार उघडताना हल्ली कुठं गेली होतीस म्हणून विचारत नाहीत, नुसती दोघींची दोन पानं घेतात.